मेलेल्या कुत्र्याचे ऋण

सातारा शहराच्या पूर्वेस, जेथे वेण्णा नदी कृष्णेस मिळते, तेथे संगम माहुली हे क्षेत्र आहे. सातारच्या राजघराण्यातील स्त्रीपुरुषांचे अंत्यसंस्कार ह्याच काठावर होत, आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या समाध्याही येथेच आहेत. ह्या थोर मंडळींच्या मेळाव्यात एक समाधी कुत्र्याची आहे. हा कुत्रा थोरल्या शाहू छत्रपतींचा. त्याचे नाव खंड्या. देवळे व घाट पाहावयास आलेला प्रवासी ही समाधी पाहून प्रथम हसतो, मग थोडा वेळ तेथेच रेंगाळतो. राजांच्या समाध्यांपुढे त्यास इतिहास आठवतो. ह्या समाधीपुढे त्यास आपले घर आठवते.

खंड्याने शिकारीत वाघापासून महाराजांचे प्राण वाचविले, ही कथा ग्रँट डफ ह्याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केली आहे. तो म्हणतो की, महाराजांनी ह्या कुत्र्यास जहागिरीची सनद करून दिली, पालखीचा मान दिला, आणि पालखीचा तो सारा सरंजाम खरोखरच चालविण्यात येत असे. एकदा भर दरबारात महाराजांनी त्यास जरीची वस्त्रे व जडजवाहीर घालून स्वतःची पगडीही त्याच्या मस्तकी ठेविली. आणि पुढे स्वतः कधी शिरोभूषण धारण केले नाही. धाकट्या राणीच्या मृत्यूने महाराजांच्या चित्तास भ्रम झाला होता, त्याची ही लक्षणे, असा ग्रँट डफचा अभिप्राय. साताऱ्याकडील लोक मात्र ही गोष्ट निराळ्या रीतीने सांगतात. इंद्रोजी कदम नावाचा कोणी सरदार आपल्या श्रीमंतीचा फार तोरा मिरवीत असे. तो भेटीस यावयाचा होता तेव्हा महाराज स्वतः साध्या वस्त्रांनिशी बसले आणि सारे दागिने त्यांनी खंड्याच्या अंगावर चढविले, म्हणजे सरदाराने काय समजावयाचे ते समजावे! परकीय इतिहासकारास जेथे वेड दिसले, तेथे मराठी माणसास खोचक विनोद दिसला. आम्हांस ह्या दोहोंत एकाची निवड करण्याचे कारण दिसत नाही. ज्याच्या घरातील माणूस गेले आहे असा मनुष्य कुत्र्याच्या गळ्यात हात घालून बसला, तर त्यास वेडा म्हणणारे लोक सर्व काळी असतात.

महाराष्ट्रातील दुसरे प्रसिद्ध श्वानस्मारक रायगडावरील वाघ्याचे. शिवछत्रपतींच्या चितेत ह्या कुत्र्याने उडी घेतली, ही कथा मराठी मुलास वेगळी सांगावी लागत नाही. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही, हे इतिहासज्ञांनी अनेकदा दाखवून दिले आहे. राम गणेश गडकरी ह्यांच्या अपूर्ण राहिलेल्या 'राजसंन्यास' नाटकाने तिचा प्रसार विशेष झाला, असे सामान्यतः मानतात. रायगडावरील पुतळा १९३६ सालचा, आणि त्यास पैसा इंदूरच्या होळकर दरबारचा. ही देणगी कुत्र्याच्या नावाने का आली ह्याविषयी दोन आख्यायिका आहेत. शिवस्मारकास उघड साहाय्य केल्यास इंग्रज सरकारचा रोष होईल म्हणून तुकोजीराव होळकरांनी ही युक्ती योजिली, असे कोणी म्हणतात. महाराजांचा स्वतःचा लाडका कुत्रा त्या सुमारास वारला होता आणि त्या दुःखात त्यांनी हात सैल सोडला, असे कोणी म्हणतात. ऑगस्ट २०११ मध्ये हा पुतळा काही लोकांनी उखडून टाकिला व थोड्याच दिवसांत तो पुन्हा बसविण्यात आला. २०२५ साली तो वाद पुनः उभा राहिला. इतिहासाच्या दृष्टीने ज्यांचा आक्षेप आहे त्यांचे म्हणणे आम्हांस त्याज्य वाटत नाही. परंतु घडले नाही ते लोकांनी घडले असे का मानिले, हाही इतिहासाचाच प्रश्न होय. आपल्या अत्यंत प्रिय राजाच्या मृत्यूसमयी कोणी तरी पूर्णपणे निष्ठावंत होते, असे लोकांस वाटावयास हवे होते. माणसांपैकी तसा कोणी त्यांस सुचला नाही, म्हणून त्यांनी कुत्रा निवडला!

ह्या दोन्ही स्मारकांत एक गोष्ट समान आहे. खंड्याने राजाचा जीव वाचविला. वाघ्याने राजासाठी जीव दिला. दोघांनीही आपली चाकरी पुरी केली आणि दगड हे त्या चाकरीचे वेतन ठरले. ज्याने कोणाचे काहीच केले नाही, ज्यास धनी नाही, आणि जे खरजेने, तापाने वा भुकेने रस्त्याच्या कडेला पडले आहे, त्या कुत्र्याचे स्मारक आम्ही कोठेही पाहिले नाही. त्याची हकीकत शोधावयाची तर राजवाडे सोडून दुसरीकडे जावे लागते.

आणि हे दुसरीकडे आम्हां शेवगावकरांस फार दूर नाही. आमच्या तालुक्याच्या उत्तरेकडील गावांस नाथसागराचे पाणी भिडले आहे, आणि त्या जलाशयास ज्यांचे नाव आहे त्या एकनाथांचे पैठण येथून तासाभराच्या वाटेवर आहे. काशीहून रामेश्वरास नेण्याची गंगेची कावड नाथांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात रिती केली, ही कथा सर्वश्रुत आहे. नामदेवांच्या ताटातली कोरडी पोळी घेऊन कुत्रे पळाले तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही दुसरी. असल्या संतकथा ज्यांनी मराठीत घरोघर पोहोचविल्या ते महिपतीबुवा (१७१५ ते १७९०) आमच्याच जिल्ह्यातील ताहाराबादचे कुळकर्णी. ह्या कथांस चमत्कार म्हणून मान डोलावून सोडून देण्याची आपणांस सवय झाली आहे. परंतु नाथांच्या कथेत चमत्कार तो काय आहे? गाढव नाथांचे नव्हते, त्याने नाथांची सेवा केली नव्हती, आणि जगल्यावर ते पुढे त्यांच्या उपयोगी पडणारही नव्हते. महिनोन् महिने खांद्यावर वाहिलेले पुण्य एका परक्या, आसन्नमरण जनावरावर खर्ची पडले, एवढेच.

जिल्ह्यास आता ज्यांचे नाव लाभले आहे, त्या अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चोंडी येथे झाला. जॉन माल्कम ह्याने माळव्यात त्यांच्याविषयी विचारपूस करून १८२३ साली जे लिहून ठेविले, त्यात त्यांच्या देवळांच्या व घाटांच्या दानाबरोबर एक लहानशी हकीकत आहे. उन्हाळ्यात महेश्वरच्या आसपासच्या शेतांतून बाईंचा नोकर पाणी घेऊन हिंडे व नांगरास जुंपलेले बैल थांबवून त्यांस पाजी. पाखरांना शेतकरी पिकावरून हाकून देतात म्हणून बाईंनी काही उभी शेते विकत घेऊन ती पाखरांस मोकळी सोडली होती. पुढे ह्याच होळकर घराण्याचा पैसा रायगडावरील कुत्र्याच्या पुतळ्यास लागला. पुतळा तेवढा लोकांस ठाऊक आहे. बैलांना पाणी पाजणाऱ्या त्या नोकराचे नाव माल्कमनेही लिहून ठेविले नाही.

तथापि साधुसंत व राण्या ह्यांच्या दयेस संस्थेचे रूप यावयास मुंबईतला एक दंगा कारण व्हावा, हे चमत्कारिक खरे. कंपनी सरकारने मुंबईत उन्हाळ्याच्या दिवसांत बेवारशी कुत्री मारण्याचा नियम केला होता आणि दर कुत्र्यामागे शिपायास आठ आणे मिळत. १८३२ साली ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढविण्यात आली. आठ आण्यांच्या लोभाने शिपाई घराच्या ओसरीवरची कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाजात मृताच्या देहावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा 'सगदीद' नावाचा संस्कार आहे. त्यांस हे कसे सोसावे? ६ जून १८३२ रोजी, त्यांच्या एका पवित्र दिवशी, कोटात जमावाने शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद पडली, जैन व हिंदूही ह्या हरताळात सामील झाले, आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीची रसद अडली. सरकारने अर्थात फौज आणून दंगा मोडला व धरपकड केली. पण दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीचंद अमीचंद ह्यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला, आणि ज्या कुत्र्यांस पूर्वी मृत्यूखेरीज ठिकाण नव्हते त्यांस भुलेश्वराजवळ आसरा मिळाला. १८७४ साली मुंबईत प्राणिक्लेशनिवारक मंडळी निघाली. १८८३ साली पेटिट घराण्याच्या देणगीतून परळ येथे बाई साकरबाई ह्यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ उभे राहिले. पांजरपोळात जनावर मरेपर्यंत राही. इस्पितळात ते बरे होण्यासाठी येऊ लागले. हा फरक थोडा नव्हे.

येथे कुत्री मारणाऱ्यांची बाजूही सांगितली पाहिजे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर त्या काळी काहीच उपाय नव्हता. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चरने पॅरिस येथे जोसेफ माइस्टर ह्या नऊ वर्षांच्या मुलास लस टोचली, तोपर्यंत असा दंश म्हणजे बहुधा मरणच होते. आणि रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे आजही वैद्य जवळजवळ निरुपाय असतात. ज्यांच्या मुलांना कुत्र्यांनी फाडले आहे त्यांच्यापुढे नाथांच्या गाढवाची कथा सांगत बसणे हा आम्ही क्रूरपणा समजतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीकडील मोकाट कुत्री उचलून कोंडवाड्यात ठेवण्याचा हुकूम प्रथम दिला आणि अकरा दिवसांनी तो बदलून, निर्बीजीकरण व लसीकरण झालेली निरोगी, शांत कुत्री पूर्वस्थळी सोडण्यास मुभा दिली. ह्या हेलकाव्यातच प्रश्नाची अवघड जागा दिसते. भय खरे आहे. मात्र भय कमी झाले आहे ते जेथे लस पोहोचली आहे तेथे. काठीने ते कोठे कमी झाल्याचे आमच्या वाचनात नाही.

कुत्र्याच्या आजाराचा इतिहास सांगताना एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. डिस्टेंपर नावाचा रोग पिल्लांच्या पिढ्याच्या पिढ्या नेत असे. १९२३ साली इंग्लंडात 'द फील्ड' ह्या शिकारविषयक पत्राने वाचकांकडून वर्गणी जमवून ह्या रोगाच्या संशोधनासाठी निधी उभारला. लेडलॉ व डंकिन ह्या दोघांनी त्या पैशावर काही वर्षांत प्रतिबंधक लस सिद्ध केली. हे काम त्यांनी फेरेट नावाच्या मुंगसासारख्या लहान प्राण्यावर केले. पुढे १९३३ साली माणसाच्या इन्फ्लुएंझाचे विषाणू प्रथम हाती लागले ते ह्याच फेरेटवरील प्रयोगांत, आणि ते शोधून काढणाऱ्या तिघांत हाच लेडलॉ होता. ज्यांनी आपली मेलेली पिल्ले आठवून एकेक नाणे पाठविले, त्यांना आपण माणसांच्या रोगाचा शोध लावीत आहो ह्याची कल्पनाही नसेल.

आता घरचे थोडे. आमच्या शेवगावच्या घरी तेरा वर्षे मोती नावाचा कुत्रा होता. जात विचाराल तर गावठी. मुधोळच्या घोरपडे सरकारांनी ज्या शिकारी कुत्र्यांची वंशावळ जपली, त्यांच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. गेल्या पोळ्यानंतर तो म्हातारपणाने गेला, आणि घरात कुत्रे पुन्हा आणावयाचे नाही असे सर्वानुमते ठरले. हा ठराव दहा महिने टिकला. आषाढात पैठणच्या रस्त्यावर एका हॉटेलाच्या मागे, भज्यांच्या कागदांत, एक कुत्री पडलेली आमच्या कन्येने पाहिली. अंगावर केस थोडके, कानांत गोचिडांची माळ, आणि हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. गुरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की हा गोचिडांपासून होणारा ताप आहे, रक्त अगदी उतरले आहे, मूत्रपिंडांसही अपाय झालेला दिसतो. अठ्ठावीस दिवस गोळ्या द्याव्या लागतील, खर्च होईल, आणि इतके करूनही जगेलच असे म्हणता येत नाही. "साहेब, विचार करून काय ते सांगा," असे म्हणून ते दुसऱ्या एका म्हशीकडे वळले.

विचार करावयास घरी सारी मंडळी बसली. आमच्या माई, म्हणजे वडील भगिनी, म्हणाल्या, "मोतीचे वर्ष झाले नाही, तोवर त्याच्या गोणपाटावर दुसरे निजवायचे? आणि तेही मरायला टेकलेले? एकाच वर्षात दोनदा रडायची हौस आहे का तुम्हांला?" हा आक्षेप दिसतो तितका हलका नाही. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्यास जवळ करणे म्हणजे जुन्याशी बेइमानी करणे, ही एक. आणि ज्याचे मरण समोर दिसते त्यावर जीव लावणे म्हणजे दुःख विकत घेणे, ही दुसरी. ज्यांच्या घरचे जनावर गेले आहे त्या प्रत्येकाच्या मनात ह्या दोन गोष्टी येतात. दुसरे कुत्रे आणू इच्छिणाऱ्यास कोणी तिसरा माणूस बोलला नाही तरी स्वतःचे मन बोलते.

ह्यावर आम्हांस जे उत्तर ठाऊक आहे ते फार जुने आहे. महाभारताच्या आरंभी, आदिपर्वात, जनमेजयाच्या यज्ञात शिरलेल्या एका निरपराध कुत्र्यास त्याचे भाऊ मारतात, आणि त्या पोराची आई सरमा राजाला शाप देते. ग्रंथाच्या अखेरीस, महाप्रस्थानिक पर्वात, पुन्हा कुत्रे येते. हस्तिनापूर सोडल्यापासून ते पांडवांच्या मागे चालत आहे. ते कोणाचे, हे कोणी विचारीत नाही. वाटेत द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. युधिष्ठिर मागे वळून पाहत नाही. शेवटी इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्रे सोडून वर ये म्हणतो. युधिष्ठिर नाही म्हणतो. तेव्हा इंद्र अगदी माईंच्या धर्तीवर त्यास टोचतो, की भावांस सोडलेस, द्रौपदीस सोडलेस, मग ह्या कुत्र्याचाच एवढा मोह का? युधिष्ठिराच्या उत्तराचा भावार्थ असा, की जे मेले त्यांस मी सोडले नाही. मेलेल्यांशी संधीही होत नाही आणि विग्रहही होत नाही, त्यांस परत जिवंत करणे माझ्या हाती नव्हते. जिवंत असता मी त्यांतल्या कोणासही टाकले नाही. हे कुत्रे जिवंत आहे, आणि माझ्या आश्रयास आले आहे.

पुराणिक पुढे लगेच सांगतात की ते कुत्रे म्हणजे साक्षात धर्म होता, आणि श्रोते सुटकेचा श्वास टाकतात. आमच्या मते कथेची खरी धार त्या आधीच संपलेली आहे. युधिष्ठिरास ते धर्म आहे हे माहीत नव्हते. सर्वस्व गमावलेल्या माणसाजवळ देण्यासारखे जे उरले होते ते त्याने समोरच्या एका अनामिक जनावरास दिले. द्रौपदीवरचे किंवा भीमावरचे प्रेम त्यामुळे उणे झाले, असे महाभारत कोठे म्हणत नाही.

मुंबईचे उद्योगपती रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ रोजी वारले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्राविषयी वृत्तपत्रांतून जे छापून आले त्यात टिटो ह्या त्यांच्या कुत्र्याच्या आजन्म देखभालीची तजवीज होती. ह्या टिटोच्या आधी त्यांच्याजवळ त्याच नावाचा दुसरा कुत्रा होता. तो गेल्यावर हा आणला आणि नाव तेच ठेविले. त्याच वर्षी जून महिन्यात त्यांनी मुंबईकरांस एक विनंती केली होती: महालक्ष्मी येथे टाटा विश्वस्तनिधीतून उभारलेल्या लहान प्राण्यांच्या इस्पितळात सात महिन्यांचा एक कुत्रा गोचीडतापाच्या संशयाने व रक्तक्षयाने अत्यवस्थ आहे, त्यास रक्त देण्याजोगे कुत्रे कोणाजवळ असल्यास कळवावे. छियाऐंशी वर्षांच्या माणसाने, स्वतः थकलेला असता, परक्या कुत्र्यासाठी शहराकडे रक्त मागावे, ही गोष्ट खंड्याच्या पालखीहून आम्हांस मोठी वाटते. नावाच्या बाबतीत मात्र आमच्या घरात त्यांचे अनुकरण झाले नाही. मोती हे नाव मोतीबरोबर गेले, ह्यावर माईंसह सर्वांचे एकमत होते.

शेवगावात कुत्र्यास रक्त देण्याची सोय नाही. रक्ताचा नमुना नगरला पाठवावा लागतो आणि उत्तर दुसऱ्या दिवशी येते. निर्णय झाला तो आमच्या पत्नीच्या एका वाक्याने. त्या माईंना म्हणाल्या, "माई, मोतीची जागा मी हिला देत नाही हो, हिला कुठेच जागा नाही, म्हणून देते." माई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी स्वतःच मोतीचे गोणपाट धुऊन दोरीवर वाळत घातलेले आम्ही पाहिले, आणि रात्री ते पडवीत अंथरलेले होते.

कुत्री पैठणच्या रस्त्यावर सापडली म्हणून कन्येने तिचे नाव गोदा ठेविले आहे. आज गोळ्यांचा एकोणिसावा दिवस. हिरड्यांवर किंचित लाली दिसते, पण पाणी अजून ती फार पिते, आणि डॉक्टरांना ते लक्षण आवडत नाही. गूळ-पोळीत लपविलेली गोळी ती ओळखते व पोळी खाऊन गोळी बाजूस काढून ठेविते. माईंच्या हातून मात्र मुकाट्याने घेते. रक्त पुन्हा तपासावयाचे आहे ते येत्या सोमवारी.